गुंडीचं पोट

आमच्या दुकानात अबोला धरायची सोय फार चांगली आहे. ताई कापते, मी शिवते. कापड माझ्या मशीनवर येतं तेव्हा तिच्या खडूच्या खुणा त्यावर असतातच. इथे दुमड, इथे चिमटा, इथे खिसा, ही बाजू उलटी. पँट पोटाशी सैल करायची असली तर ती कमरेच्या पट्टीवर दोन फुल्या मारते, की मी समजले. मला काही विचारावं लागत नाही, तिला काही सांगावं लागत नाही. दोघी बहिणी आठवडेच्या आठवडे एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत तरी गिऱ्हाइकांना पत्ता लागत नाही.

या वेळी तोंड मी टाकलं, ते काही मी नाकारत नाही. पण माझी काय चूक होती सांगा! ताईचा मुलगा लांबच्या शहरात नोकरी करतो. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. आम्ही जेवायला बसलो होतो आणि त्याचा फोन आला. ताई ऐकायला जरा कमी झालीय, त्यामुळे फोनचा आवाज मोठा. मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "आई, आता तू इकडेच ये. कायमची." आणि ताई म्हणाली, "बघते."

बघते! 'नाही' म्हणाली नाही, 'मावशीचं काय' म्हणाली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने फोन ठेवल्याबरोबर मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? जा की. फुकटची आया हवी असेल त्यांना."

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ताईला तर माझ्या जन्मापासून माहीत आहे. पण तिने हातातला घास खाली ठेवला, ताट उचललं, मोरीत नेलं, आणि त्या वेळेपासून तिच्या तोंडाला कुलूप.

म्हटलं, राहा. नवऱ्याचं घर सोडून मी हिच्याकडे आले तेव्हा हिचा नवरा नुकताच गेला होता आणि पोरगं शाळेत होतं. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, असं आम्ही दोघींनी मिळून उभं केलं. त्या पोराचे गणवेश माझ्या मशीनवर झालेत. तापाने फणफणला की माझ्या मांडीवर झोपायचा. आता त्याला आई हवी, आणि मावशीने एकटीने कात्री चालवावी, मशीनही चालवावी आणि भिंतीशी बोलावं. ताई गेली तर मी काय करणार, हा किडा माझं डोकं पोखरत होता. शिवताना, झोपताना, दात घासताना. तिला ते सांगायचं तर आधी मला बोलावं लागलं असतं. मी का बोलू? ती मोठी आहे.

मधे सापडली ती गुंडी. गुंडी म्हणजे आमची मांजर. पिल्लू होती तेव्हा बटणांच्या डब्यात झोपायची म्हणून हे नाव पडलं. आता म्हातारी झालीय, डाव्या कानाने ऐकत नाही, पण तोरा तसाच. अबोल्यात तिचा भाव फार वधारतो, कारण आम्ही तिच्यामार्फत बोलतो.

"गुंडे, विचार तुझ्या मावशीला, कोटाचं अस्तर संपलंय ते कळलंय का?" ताई म्हणायची.

"गुंडे, सांग तुझ्या मावशीला, डोळे आहेत मला," मी म्हणायची.

दोघींच्याही मते आपण तिची आई आणि दुसरी मावशी. गुंडी दोघींकडे बघून जांभई द्यायची.

तिचं जेवण ताईकडे. पहिल्यापासून. सकाळी ताई बाजारातून छोटे मासे आणते, साफ करते, उकडते, एकेक काटा काढते आणि भातात कुस्करून झाकणाच्या डब्यात भरते. सकाळचा घास ती घालते, संध्याकाळचा मी, कारण संध्याकाळी ती माप घ्यायला नाहीतर तयार कपडे पोचवायला बाहेर असते. मला माशांचा वास सोसत नाही. ताई मासे साफ करायला बसली की मी दुकानात पळते. संध्याकाळी नाकाला ओढणी लावून, तोंड दुसरीकडे करून, डब्यातून चमचाभर वाटीत टाकायचं आणि झाकण लावायचं, एवढंच माझ्याच्याने होतं. डब्यात काय आहे ते मी कधी बघत नाही. बघितलं तर उलटी होईल.

अबोला सुरू होऊन काही दिवस झाले असतील. ताई बाजारातून आली ती मांजरांच्या तयार खाण्याचं एक मोठं पाकीट घेऊन. सुके, तपकिरी दाणे. फळीवर ठेवलं, काही बोलली नाही. गुंडीमार्फतसुद्धा नाही.

मी काय समजायचं ते समजले. म्हटलं, बाईसाहेबांना आता मांजराचाही कंटाळा आला. इतकी वर्षं काटे वेचले, आता दाणे टाकले की मोकळी. आधी मांजराला तोडायचं, मग मला. पाकीट उचलून रस्त्यावर फेकून द्यावंसं वाटलं. पण त्याच्या मागच्या बाजूला वाट्यांची चित्रं होती. पहिल्या वाटीत जुनं खाणं जास्त आणि नवं जरासं, पुढच्या वाटीत थोडं अधिक, असं करत शेवटची वाटी सगळी नव्याची. खाणं एकदम बदलू नका, पोट बिघडतं, असं खाली लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, ही बया रागात आहे, हिचं कुठे लक्ष असणार? भडाभडा ओतेल आणि म्हातारीचा जीव घेईल. निदान संध्याकाळचं तरी आपण रीतसर करू.

म्हणून मी संध्याकाळी डब्यातलं थोडं कमी काढायची आणि वर चार दाणे टाकायची. मग रोज थोडे वाढवत गेले. गुंडी वास घ्यायची, माझ्याकडे बघायची, आणि खायची. मला फार शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी सकाळी शिवून ठेवलेल्या कोटांच्या गठ्ठ्यापाशी घाण दिसली. जवळच्या हॉटेलच्या वाढप्यांचे पांढरे कोट होते ते, मोठं काम. कोट वाचले, जमीन भरली. गुंडी कोपऱ्यात तोंड घालून बसली होती. इतक्या वर्षांत तिने कधी घर घाण केलं नव्हतं. ती लाजली होती, तुम्हाला खोटं वाटेल, पण लाजली होती.

"गुंडे," मी मोठ्याने म्हटलं, "शिळे मासे घालतात का ग तुला कुणी?"

ताईने फडकं ओलं केलं, जमीन पुसली. "गुंडे, दूध पाजलं असेल तुला कुणीतरी गुपचूप. सांग त्यांना, तुला दूध पचत नाही."

मी दुधाच्या थेंबालाही हात लावला नव्हता. मला इतका संताप आला! शिळ्या माशांचाच हा प्रताप, याबद्दल माझी खात्री झाली. म्हणून मी काय केलं, तर संध्याकाळी डब्यातलं नावाला घेतलं आणि दाणेच जास्त दिले. म्हटलं, पाकिटातलं तरी स्वच्छ असेल.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट आणखी बिघडलं. तिसऱ्या दिवशी नुसतं पाणी. ताई मधूनच कात्री खाली ठेवायची आणि तिच्याजवळ जाऊन बसायची. मी मशीन थांबवून बघायची, आणि ताईने वर पाहिलं की पुन्हा पाय मारायची. दोघींच्या जीवाला घोर, पण बोलायचं कुणी? अशी आमची अक्कल.

दुपारी गुंडी पाण्याच्या भांड्यापर्यंत गेली आणि तिथेच आडवी झाली. मी धावत गेले. मानेवरची कातडी चिमटीत धरली तर ती सोडल्यावरही तशीच उभी राहिली, कापडाला चुणी पडावी तशी. 

"ताई!" मी ओरडले. गुंडीमार्फत बोलायला आता गुंडीच शुद्धीवर नव्हती.

ताईने गळ्यातली टेप काढलीसुद्धा नाही. अस्तराच्या कापडात गुंडीला गुंडाळलं, उराशी धरलं आणि चालू लागली. मी दुकानाचं दार ओढून तिच्यामागे.

जनावरांची डॉक्टर दोन गल्ल्यांपलीकडे बसते. तरुण पोरगी आहे, पण हात स्थिर. तिने गुंडीला टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं.

"अंगातलं पाणी पार गेलंय," ती म्हणाली. "खाण्यात काही बदल केला होता का?"

"केला होता," ताई म्हणाली, "पण एकदम नाही हो. पाकिटावर दाखवलंय तसंच. आधी चमचाभर, मग दोन. दाणे तिला नीट चाववत नाहीत म्हणून कोमट पाण्यात भिजवायचे, कुस्करायचे आणि सकाळी माशांच्या डब्यातच कालवून ठेवायचे. पोट बिघडल्यावर मासे अजून कमी केले, म्हटलं मासे जड पडत असतील."

"डब्यात?" मी म्हटलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "मग कशात?"

"मी वाटीत घालते ना दाणे! रोज संध्याकाळी. तुझ्या डब्यातल्यावर."

"वाटीत? वर आणखी?" ताईचा आवाज चढला. "डब्यात कालवलेलं दिसलं नाही तुला?"

"मी बघते का त्या डब्यात कधी! आणि तू सांगितलंस का?"

"तू विचारलंस का? हे काय पँट आहे, खडूने खूण करून ठेवायला?"

"मावशी," डॉक्टरीण म्हणाली. दोघींनी वळून पाहिलं. "म्हणजे यांनी डब्यात हळूहळू वाढवलं, तुम्ही वाटीत हळूहळू वाढवलं, आणि तिच्या पोटात सगळं एकदम गेलं. वर पोट बिघडल्यावर दोघींनी आणखी भर घातली." ती गुंडीच्या पायावरचे केस कापत होती. "तुम्ही एकाच घरात राहता ना?"

कुणीतरी आम्हा दोघींच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"सलाईन लावते," ती म्हणाली. "वय झालंय तिचं, म्हणून आताच काही सांगत नाही. तुम्ही बाहेर बसा."

बाहेर एक अरुंद बाक होता. शेजारी एक माणूस खोक्यात ससा घेऊन बसला होता, तो थोड्या वेळाने आत गेला. आम्ही दोघीच राहिलो. ताईच्या गळ्यात अजून टेप होती आणि हातात ते अस्तराचं कापड. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला भांडायला सुचतं. दुसरं काही येतच नाही मला.

"कशाला आणलंस ते मेलं पाकीट?" मी म्हटलं. "मासे खात होती, सुखाने होती. एवढा कंटाळा आला होता तर मला सांगायचंस."

"कंटाळा कसला?"

"मग?"

ताई कापडाच्या कडेचे दोरे उपसत बसली. "तुला मासे हाताळवत नाहीत म्हणून."

"मला कशाला हाताळायला हवेत? तू आहेस की."

दोरे उपसत राहिली. मला समजलं होतं, तरी मी बसून राहिले, ती काहीतरी वेगळं बोलेल म्हणून.

"कधी?" शेवटी मी विचारलं.

"हॉटेलचे कोट देऊन झाले की. बाळंतपणाच्या आधी पोचायला हवं." मग घाईघाईने म्हणाली, "मी विचार केला, तू नाक दाबून, डोळ्यांतून पाणी काढत रोज मासे साफ करत बसशील, नाहीतर ती उपाशी राहील. दाण्यांची सवय लागली की तुला त्रास नाही. पाकीट फोडायचं, वाटीत टाकायचं. मी असेपर्यंत सवय लावून द्यावी म्हटलं."

मला रडू आवरेना. "मी वाटेल ते बोलले म्हणून चाललीस ना? आया म्हटलं म्हणून. अग, मी काय बोलते ते तू कधीपासून मनाला लावून घ्यायला लागलीस? माफ कर. माझं चुकलं. नाक घासू का तुझ्यापुढे?"

"तुझ्या बोलण्याने नाही ग," ताई म्हणाली. "तू बोलायच्या आधीच त्याला हो म्हणून झालं होतं. त्या दिवशी तो पुन्हा पक्कं करायला विचारत होता, तू समोर बसली होतीस म्हणून 'बघते' म्हटलं."

"मग इतके दिवस अबोला कसला धरलास?"

ती माझ्याकडे बघेना. "तू भांडलीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. न बोलायला निमित्त मिळालं. बोलत राहिले असते तर हे सांगावं लागलं असतं. मला तोंड नव्हतं तुला सांगायला."

इतके दिवस मला वाटत होतं की ती रागावलीय, आणि तिचा राग गेला की सगळं जागच्या जागी येईल. माझ्या बोलण्यामुळे ती जात असती तर मी पाय धरून तिला थांबवलं असतं. मला येतं ते. मी तिच्या इतक्या वेळा पाया पडलेय की मोजता येणार नाही. पण ती रागावलीच नव्हती. तिला नातवंड हवं होतं, मुलगा हवा होता, आणि त्यात माझ्या चुकण्या-न चुकण्याचा काही संबंधच नव्हता. आता मी तिला कशाने थांबवणार होते?

"नीच आहेस," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

"माझ्याशी बोलायची नाहीस आणि माझ्यासाठी मांजराला शिकवतेस."

"हो ग."

तेवढ्यात डॉक्टरणीने हाक मारली. आम्ही दोघी एकदम उठलो आणि दारात एकमेकींना धडकलो. गुंडी टेबलावर पडलेली होती, पायाला पट्टी, पण डोळे उघडे. ताईचा वास आला तशी तिने मान उचलली आणि ताईचा अंगठा चाटला. ताई मटकन खाली बसली, तिथेच, फरशीवर, आणि ओक्साबोक्शी रडली. नवरा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"आज वाचली," डॉक्टरीण म्हणाली. "आता ते दाणे पूर्ण बंद. तिचं जुनंच खाणं, तेही अगदी थोडं थोडं. पोट बसल्यावर नवं सुरू करायचं तर करा, पण एकाच हाताने. जेवण एकीनेच घालायचं, दुसरीने नाही. कोण घालणार?"

"ही," मी ताईकडे बोट केलं. सवयीने.

"ही," ताई म्हणाली. तिने माझ्याकडे बोट केलं, डोळे पुसले, आणि पुन्हा म्हणाली, "हीच घालेल."

घरी आलो. गुंडीला ताईच्या अंथरुणावर ठेवलं. त्या संध्याकाळी आम्ही बोललो, म्हणजे कामाचं बोललो, कोट किती राहिले, चादर कुठली बदलायची. जेवण कुणालाच गेलं नाही. मी अंथरुणावर पडून छताकडे बघत होते आणि मनात तिला शिव्या घालत होते. मधेच उठून गुंडीचा श्वास बघायची, तर ताई आधीच तिथे हात ठेवून बसलेली.

सकाळी ताई मासे घेऊन आली. तिने ओट्यावर पाट मांडला, सुरी काढली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू दुकानात जा. मी साफ करून देते, तू फक्त घाल. ती बरी झाली की जरा जरा दाणे वाढवू, मी जायच्या आत—"

"नको," मी म्हटलं.

"अग, तुला जमणार नाही."

"तिचं खाणं बदलायचं नाही," मी म्हटलं. "तू चाललीस ना? म्हातारीला एवढाच बदल पुरे झाला. दुसरा मी तिला सोसायला लावणार नाही."

ताईच्या हातातली सुरी तशीच राहिली. मी ती काढून घेतली. ओढणी कमरेला खोचली, नाकाला लावली नाही. मासा हातात धरला. थंड, बुळबुळीत, डोळे उघडे. वास थेट मेंदूत गेला. पोटातलं सगळं घशाशी आलं आणि मी ते गिळलं. खवले ओट्यावर, माझ्या हातावर, केसात उडायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं वासाचं किती आणि तिच्यामुळे किती, मला विचारू नका.

"उलट्या दिशेने खरवड," ताई म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "शेपटीकडून डोक्याकडे. हं. आता पोट. नको, इतकी खोल नको, आतडं फुटेल."

फुटलंच. मी मोरीकडे धावले, ओकले, चूळ भरली आणि परत आले. ताईने तोवर दुसरा मासा हातात घेतला होता.

"दे इकडे, मी करते," ती म्हणाली. "आज राहू दे. उद्या शिक."

"खाली ठेव तो," मी म्हटलं. "तू हात लावायचा नाहीस. तू नुसती बोल."

तिने मासा पाटावर ठेवला. हात धुतले. माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली, आणि कल्ले कसे ओढायचे, पाण्यात किती वेळा हलवायचं, काटा कुठे लपलेला असतो, सगळं सांगायला लागली. सांगून झालं तरी थांबली नाही. बाजारात कुठल्या बाईकडून घ्यायचे, उन्हाळ्यात डबा किती वेळ ठेवायचा, गुंडीने तोंड फिरवलं तर काय करायचं. मधे तिचा आवाज फुटायचा, ती खाकरायची, आणि पुढे बोलायची. माझ्या हातातला मासा साफ होऊन गेला होता. मी तोच पुन्हा पुन्हा धूत राहिले.